घाना समजून घ्यायचाय? आधी बंदर बघा, मग भाव बघा

मागच्या आठवड्यात भाच्याने मला एक पान पाठवलं. "मामा, घानाची सगळी माहिती काढली, बघ की." क्षेत्रफळ २ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर, राजधानी अक्रा, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ कोटी ८ लाख, चलन सेडी, मुख्य निर्यात सोनं, कोको, तेल. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं बाबा, हे पाठ करून तू एमपीएससी देशील, पण काजू बी घेऊ शकणार नाहीस. त्याला चंदगडच्या एका कारखान्यासाठी येत्या हंगामात बी घ्यायला पाठवतायत आणि मी तिथे साडेतीन वर्षं काढलीत, आधी टेमाला आणि मग वर टेचिमानला, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लावून इथे टाकतोय. काजूवाले नसाल तरी चालेल, पंप विकायला जा नाहीतर औषधं, देश वाचायची पद्धत तीच.

पहिलं काम म्हणजे नकाशा मोबाईलवर बघू नका, कागदावर प्रिंट काढा. उभा चौकोन दिसेल, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट. खाली गिनीचं आखात, पश्चिमेला आयव्हरी कोस्ट, पूर्वेला टोगो, वर बुर्किना फासो. हे तिन्ही शेजारी फ्रेंच बोलणारे आणि सीएफए फ्रँक वापरणारे, आणि मधे हा एकटा इंग्रजी बोलणारा, स्वतःची सेडी चालवणारा. म्हणजे रस्त्याने कुठूनही बाहेर पडलात की भाषा पण बदलते आणि खिशातला पैसा पण, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या कागदावर पेन्सिलीने तीन आडवे पट्टे मारा. सगळ्यात खालचा किनाऱ्याचा. इथे लोकांची पहिली फसगत होते, समुद्रकाठ म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, पण अक्रा समुद्रावर असूनही तिथे पाऊस साधारण पुण्याइतकाच पडतो, कोरडं गवताळ रान आहे. त्याच किनाऱ्यावर पश्चिमेला अक्झिमकडे गेलात तर मात्र दोन हजार मिलीमीटरच्या आसपास, तिथे खरंच रत्नागिरीत आल्यासारखं वाटतं. मधला पट्टा जंगलाचा, कुमासी त्याच्या पोटात, कोको, लाकूड, सोनं सगळं इथेच. वरचा पट्टा सवाना, टामाले शहर, शिया नावाची तेलबी, मका, रताळ्याचा मोठा भाऊ शोभेल असा याम नावाचा कंद. दक्षिणेत पावसाळे दोन, एप्रिल ते जुलै आणि परत सप्टेंबर ते नोव्हेंबर, उत्तरेत एकच. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमाटन वारा येतो, हवेत पिठासारखी धूळ, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं काहींच्या. पण रस्ते कोरडे आणि माल कोरडा, म्हणून धंदेवाल्याला तोच काळ बरा. काजू येतो जंगल आणि सवाना यांच्या मधल्या शिवेवर, वेंची, टेचिमान, साम्पा या भागात, साधारण फेब्रुवारी ते मे.

दुसरं, रस्ते आणि रेल्वे बघताना "किती किलोमीटर" हे विचारू नका, "कशासाठी बांधलं" हे विचारा. इंग्रजांनी या देशाला नावच गोल्ड कोस्ट ठेवलं होतं. त्यांची रेल्वे सेकंडीच्या बंदरावरून निघाली ती तारक्वाच्या आणि ओबुआसीच्या सोन्याच्या खाणींवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुमासीला पोचली, नंतर अक्रा जोडलं, १९२८ ला ताकोराडी बंदर झालं. खाण ते बंदर, कोको ते बंदर. उत्तरेला टामालेकडे एक रूळ गेला नाही कारण तिथून उचलायला त्यांना काही नव्हतं. १९५७ च्या ६ मार्चला देश स्वतंत्र झाला, देशाचे पहिले नेते एन्क्रुमा, त्यांनी टेमाचं नवं बंदर आणि त्याच्या पाठीमागे आखीव शहर वसवलं, १९६२ ला ते सुरू झालं, आणि आज देशात येणारा बहुतेक माल त्याच दारातून येतो. बुर्किना, माली, नायजर यांना समुद्र नाही, त्यांचेही बरेच ट्रक इथून भरून वर जातात. २०१९ ला तिथे नवीन खोल टर्मिनल झालं, मोठी जहाजं थेट लागतात. शून्य रेखांश पण टेमातूनच जातो, म्हणजे घड्याळ ग्रीनिचचं, भारताच्या साडेपाच तास मागे. घरी फोन करायचा तर संध्याकाळी सहाच्या आत करा, नाहीतर आई झोपलेली असते.

जुनी रेल्वे बरीचशी बंद पडलीय. रुळांवर बाजार भरतात, मी स्वतः रुळावर मांडलेली भांडी घेतलीत. नवीन एक लाईन झालीय, टेमा ते म्पाकादान, ९७ किलोमीटर, भारताच्या कर्जातून आणि बांधली आपल्या मुंबईच्या अॅफकॉन्सने, नोव्हेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. कल्पना अशी की कंटेनर रेल्वेने व्होल्टा तळ्यापर्यंत न्यायचे आणि तिथून बोटीने उत्तरेला. कागदावर झकास आहे. पण आज तुम्ही माल हलवणार तो ट्रकनेच, हे धरून हिशोब करा. किनाऱ्याला समांतर एन-वन हायवे, टोगोच्या सीमेवरच्या आफ्लाओपासून आयव्हरी कोस्टच्या सीमेवरच्या एलुबोपर्यंत. अक्रा ते कुमासी एन-सिक्स, अडीचशे किलोमीटर. कुमासीहून टामाले आणि वर पागापर्यंत एन-टेन. अडीचशे किलोमीटर म्हणजे पुणे-कोल्हापूरसारखं चार तासांत जाऊ असं भाचा म्हणाला, मी म्हटलं सहा धर, आणि सकाळी अक्रातून बाहेर पडायचा वेळ वेगळा धर. टेचिमानहून टेमाला भरलेला ट्रक यायचा तर आम्ही दोन दिवस धरायचो, वाटेत पोलीस बॅरियर, टायर, आणि ड्रायव्हरचं जेवण.

माणसांनी फिरायचं तर ट्रोट्रो. जुन्या मिनीबस, दारात लटकलेला "मेट" म्हणजे आपला क्लीनर, स्टॉपचं नाव ओरडत असतो, "सर्क-सर्क-सर्क" म्हणजे अक्रातला सर्कल चौक. गल्लीबोळात तीनचाकी, तिला तिकडे प्राग्या म्हणतात आणि टामालेत यलो-यलो. जवळ जाऊन बघा, त्यातल्या बऱ्याच बजाज आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाळूजचा चौक आठवला, खोटं नाही सांगत.

आता पाणी आणि वीज, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण घानाचं अर्धं राजकारण यात आहे. नकाशावर उजवीकडे हाताची बोटं पसरल्यासारखं निळं दिसतं ते व्होल्टा तळं. आकोसोम्बो धरण १९६५ ला पूर्ण झालं, तळं साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे देशाची साडेतीन टक्के जमीन पाण्याखाली, पृष्ठभागाच्या हिशोबात माणसाने बनवलेल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या तळ्यांत धरतात. साधारण ऐंशी हजार लोक उठवले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर कोयनेत १०५ टीएमसी, आणि या तळ्यात पाच हजार टीएमसीच्या वर, म्हणजे जवळपास पन्नास कोयना. पण वीज बघा, कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आणि आकोसोम्बो १,०२० चा. भाच्याला हे पटेचना. अरे, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात चारशे मीटरच्या वर उडी मारतं, तिकडे मोठे डोंगरच नाहीत, सगळ्यात उंच आफाजाटो ८८५ मीटर, आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मा. आकोसोम्बोला पाण्याची उडी सत्तर मीटरच्या आसपास. पाणी ढीगभर, उतार नाही. सपाट खोऱ्याचं पाणी अडवलं की ते वर चढत नाही, आडवं पसरतं, म्हणून एवढं तळं.

त्यातली मोठी वीज सुरुवातीला गेली टेमाच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याला, धरणाचा सौदाच तसा झाला होता. नंतर देश वाढला, पाऊस कमी पडला की तळं खाली, आणि २०१२ ते २०१६ मध्ये लोडशेडिंग इतकं झालं की त्याला नावच पडलं, डुमसोर. ट्वी भाषेत डुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव. आपल्याकडे २००५ च्या सुमाराला बारा-बारा तास दिवे जायचे ते ज्यांनी भोगलंय त्यांना समजावायची गरज नाही. आता अर्ध्याहून जास्त वीज गॅसवर बनते, काही गॅस स्वतःच्या समुद्रातला, काही नायजेरियाहून समुद्राखालच्या पाईपलाईनने. पण वीज बनवणाऱ्या कंपन्यांशी केलेले करार डॉलरमधले आणि घरचं बिल येतं सेडीत, त्यामुळे थकबाकी साठत जाते आणि डुमसोर अधूनमधून तोंड दाखवतोच. गोदाम भाड्याने घेताना जनरेटर आहे का हे नका विचारू, "आहे"च म्हणतात, डिझेल कोण घालणार ते विचारा आणि लिहून घ्या. मीटर बहुतेक प्रीपेड असतं, बॅलन्स संपला की रविवारी रात्री अंधार.

मग पैसा. इथे त्या पानावरची "मुख्य निर्यात सोनं, कोको, तेल" ही ओळ उचलायची आणि प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिहायचा, भाव कोण ठरवतं? सोन्याचा लंडन. तेलाचा पण जगाचा बाजार, ज्युबिली नावाचं क्षेत्र २००७ ला सापडलं, डिसेंबर २०१० पासून तेल निघतंय ताकोराडीसमोरच्या समुद्रातून. कोकोची गोष्ट जरा वेगळी, शेतकऱ्याला द्यायचा भाव सरकारी कोकोबॉड ठरवते, १९४७ पासूनची संस्था, हंगामाआधी पोत्याचा भाव जाहीर करते, पोतं ६४ किलोचं. आपल्या उसाच्या एफआरपीसारखं समजा, फक्त घेणारा एकच. फायदा असा की भाव पडला तरी शेतकरी एकदम बुडत नाही. तोटा २०२४ ला दिसला, जगात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि घानाने बराचसा माल आधीच जुन्या भावाने विकून ठेवलेला. शेतकरी म्हणाला तुमचं तुम्ही बघा, पोती रात्री सीमेपलीकडे. त्यात झाडांना स्वोलन शूट नावाचा रोग, आणि बागाच्या बागा सोन्याच्या चोरट्या खाणींना विकल्या गेल्या. २०२०-२१ ला दहा लाख टनांवर गेलेलं पीक तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं.

चोरट्या खाणींना तिकडे गॅलमसे म्हणतात. बसमधून प्रा नदी बघाल तर चहाच्या रंगाची, दुधाच्या चहाच्या. सोनं म्हटलं की एक गोष्ट ठणकावून सांगतो, तुम्हाला कुणीतरी भेटणार आहे, गोड बोलणारा, गावच्या चीफचा पुतण्या वगैरे, आणि स्वस्तात सोनं देणार आहे. घेऊ नका. २०२५ पासून गोल्डबॉड नावाची सरकारी संस्था आलीय आणि देशातल्या सोन्याच्या स्थानिक खरेदी-विक्रीतून परदेशी माणसांना बाहेरच काढलंय, म्हणजे सोनं खोटं असेल तर पैसे गेले आणि खरं असेल तर तुम्ही आत.

सेडी. या शब्दाचा मूळ अर्थ कवडी, आकान भाषेतला. पूर्वी तिकडे कवड्याच चलन होत्या आणि त्या हिंदी महासागरातून, मालदीवकडून जायच्या. २००७ ला दहा हजार जुन्या सेडींची एक नवी केली, चार शून्यं उडवली. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सहाच्या आसपास होती, नोव्हेंबरपर्यंत तेरा-चौदा. डिसेंबरला महागाई ५४.१ टक्के, सरकारने बाहेरच्या कर्जाचे हप्ते थांबवले, मे २०२३ मध्ये नाणेनिधीचं तीन अब्ज डॉलरचं पॅकेज आलं. मी तेव्हा तिथेच होतो, ब्रेडचा भाव सोमवारी एक आणि शुक्रवारी एक. मग २०२५ च्या मध्यात उलटं झालं, सोन्याचा भाव चढला आणि सेडी पंधराच्या वरून साडेदहाच्या आत आली, ज्यांनी डॉलर दाबून ठेवले होते ते बोंबलत बसले. म्हणून नियम एवढाच, खरेदी सेडीत आणि विक्री डॉलरमध्ये असेल तर मधले दिवस कमीत कमी ठेवा. घेतला माल, लावला कंटेनर, विषय संपला. सेडीवर सट्टा खेळायला तुम्ही आला नाहीत.

बाकी जे बनत नाही ते सगळं आयात. तांदूळ बराचसा बाहेरचा, गोठवलेली कोंबडी बाहेरची, टोमॅटो बुर्किनाहून आणि कांदा, हो कांदा, नायजरहून ट्रक भरून. २०२३ ला नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, सीमा बंद झाली आणि इकडे कांदा कडाडला. कारखाने काढायचे प्रयत्न झालेत. कोमेंडाला भारताच्या कर्जातून साखर कारखाना उभा राहिला, २०१६ ला फीत कापली, आणि नंतर बहुतेक काळ बंदच, कारण आसपास पुरेसा ऊसच नव्हता. ऊस आधी की कारखाना आधी हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. अक्रातला राष्ट्राध्यक्षांचा ज्युबिली हाऊस पण भारताच्याच कर्जातला, शापूरजी पालनजीने बांधलेला, तो मात्र वापरात आहे.

आता काजूवाल्यांसाठी. बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल पण वाचलात तर भाव म्हणजे काय ते कळेल. काजूचं झाड मूळ ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं, तिथून कोकणात पसरलं, आणि आता आपल्या कारखान्यांना घरचं बी पुरत नाही म्हणून आफ्रिकेचं लागतं. शेडमध्ये गेलात की खुर्चीवर बसून नमुना बघू नका. दहा-वीस पोत्यांत वरून, मधून, खालून हात घालून बी काढा, एकत्र करून एक किलो मोजा, आधी बिया मोजा किती भरतात, मग कटरने एक एक फोडा. चांगला गर एकीकडे, डागी एकीकडे, पोचट आणि कुजका फेकून. समजा चांगला २६० ग्रॅम आणि डागी २४, डागीचा निम्माच धरायचा म्हणजे १२, झाले २७२. त्याला ८० ने गुणा कारण हिशोबाचं पोतं ८० किलोचं, आले २१,७६० ग्रॅम, पौंडात ४८. हा झाला आउटटर्न, म्हणजे एका पोत्यातून किती पौंड चांगला गर निघतो ते. व्यापारी ४८ सांगेल आणि तुमच्या हातात ४७ येईल. एका पौंडाने काय होतं? १६ टनाच्या कंटेनरात अशी दोनशे पोती, म्हणजे दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलो गर हवेत गेला.

ओलावा मीटरने बघा, दहा टक्क्यांच्या वर असेल तर परत वाळवायला सांगा, लाजू नका. पहिल्या वर्षी मी लाजलो. एप्रिल होता, रात्री पाऊस पडून गेलेला, व्यापारी ओळखीचा झालेला, त्याच्या घरी फुफू खाल्लेला, वरची पोती कडकडीत वाजत होती म्हणून मी खालच्या थरात हात घातला नाही. तुतिकोरीनला कंटेनर उघडला तेव्हा मागच्या दोन रांगांना पांढरी बुरशी, आणि ज्यांच्यासाठी माल घेतला त्या काकांचा फोन, ज्यात त्यांनी मला शिवी नाही दिली, नुसतं "बरं" म्हणाले. साम्पा तर आयव्हरी कोस्टच्या सीमेलाच आहे, पलीकडचं बी इकडे येतं, इकडचं तिकडे जातं, ज्या बाजूला भाव त्या बाजूला पोतं, तेव्हा "हे कुठलं बी" हे विचारण्यात अर्थ नाही, फोडून बघण्यात आहे. किमान भाव हंगामाच्या तोंडावर ट्री क्रॉप्सची म्हणजे झाडांच्या पिकांची सरकारी संस्था जाहीर करते, कुमासीला ऑफिस आहे, परवाना पण तिथलाच. आणि तिकडे दुकान टाकायचं डोक्यात असेल तर २०१३ चा गुंतवणूक कायदा वाचा, बाजारात गाळा लावून विकणं, छोटी टॅक्सी, सलून, पाण्याच्या पिशव्या असले धंदे फक्त तिथल्या लोकांना राखीव आहेत, आणि बाहेरच्याने ट्रेडिंग कंपनी काढायची तर त्यात दहा लाख डॉलरची अट लिहिलेली. नियम बदलायच्या गोष्टी चालू असतात म्हणून जायच्या आधी वकिलाकडून ताजं विचारून घ्या.

किरकोळ पण कामाचं. रोख कमी ठेवा, मोमो म्हणजे मोबाईल मनी सगळीकडे चालतं, केळीवालीकडेही, त्यावरचा सरकारी कर २०२२ ला लावला होता तो २०२५ ला काढला. पण मार्च २०२४ मध्ये समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा इंटरनेट गेलं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसले, म्हणून दोन दिवसांचे सुटे पैसे खिशात असू द्या. डावा हात पुढे करू नका, आपल्यासारखंच आहे ते. माणसाचं नाव कळलं की जन्मवार कळतो, कोफी शुक्रवारचा, क्वामे शनिवारचा, क्वासी रविवारचा, यॉ गुरुवारचा. तुम्हाला पण विचारतील. मी आईला फोन करून विचारलं, गुरुवार निघाला, तेव्हापासून टेचिमानच्या शेडमध्ये मी यॉ.

जेवणाची काळजी नको, वाके म्हणजे चवळी-भात, सोबत तिखट शितो, आपल्या माणसाला दोन दिवसांत जमतं. शाकाहारी असाल तर चवळी आणि लाल तेलात तळलेली केळी मिळते, रेड-रेड म्हणायचं, मासा घालू नको हे आधीच सांगायचं आणि तरी घालतात.

आणि यलो फीवरची लस. त्याशिवाय घानात शिरता येत नाही आणि परत येताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवस क्वारंटाईनला बसवतात. सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट लागते, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं, पुढे जन्मभर चालतं. भाच्याचं तिकीट २४ तारखेचं आहे. काल विचारलं, म्हणाला मामा, कटर घेतला, ओलाव्याचं मीटर घेतलं, लसीचं बघतो या आठवड्यात. आज १५ झाली.